कोरोनात कैदी ‘सुटले’ नव्हते

‘कोरोनात सरकारनं जेलं रिकामी केली, शिक्षा माफ झाल्या.’ हे वाक्य बारामतीच्या कोर्टाच्या आवारात ऐकू येतं, इंदापूरच्या स्टँडवर ऐकू येतं आणि चांगली शिकलेली माणसंही ते बिनदिक्कत बोलतात. साथ ओसरून वर्षं झाली, तरी ते काही जात नाही. या गैरसमजाची झळ पहिल्यांदा बसते ती कैद्याच्याच घरच्यांना. माफी मिळाली असं समजून जो मुदतीनंतरही घरीच बसला, तो मूळ शिक्षेबरोबर आणखी एक गुन्हा अंगावर घेऊन बसला.

म्हणून काय झालं होतं ते नीट समजून घेऊ.

23 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं कारागृहांतल्या संसर्गाच्या धोक्याची स्वतःहून दखल घेऊन प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. कुणाला तात्पुरतं बाहेर सोडता येईल, हे या समितीनं ठरवायचं होतं. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ए. ए. सय्यद समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्यासोबत गृहखात्याचे अपर मुख्य सचिव आणि कारागृह विभागाचे प्रमुख होते. निकष न्यायालयाच्या देखरेखीखाली ठरले, कुण्या मंत्र्याच्या मर्जीवर नाहीत.

बाहेर येण्याचे रस्ते दोन होते, आणि लोक इथंच घोळ घालतात. खटला अजून चालू असलेल्यांना, म्हणजे न्यायाधीन बंद्यांना, अंतरिम जामीन. शिक्षा लागलेल्यांना आकस्मिक अभिवचन रजा, आपण सरसकट ‘कोविड पॅरोल’ म्हणतो ती. त्यासाठी 1959 च्या संचित आणि अभिवचन रजेच्या नियमांत 8 मे 2020 रोजी दुरुस्ती झाली. सात वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर अर्जावर अनुकूल विचार. त्याहून जास्त असेल तर आधीच्या शेवटच्या दोन सुट्ट्यांवरून कैदी वेळेवर परतला होता का, हे पाहायचं. सुरुवातीला 45 दिवस, साथरोगाची अधिसूचना लागू असेपर्यंत पुढं 30-30 दिवसांची वाढ, आणि दर 30 दिवसांनी गावच्या पोलीस ठाण्यात हजेरी. मोक्का, यूएपीए, एनडीपीएस, मनी लाँडरिंग, मोठे बँक घोटाळे यांतल्या कैद्यांना आणि राज्याबाहेर घर असलेल्यांना ही सवलत नव्हती.

आता सांगा, यात ‘माफी’ कुठं आहे?

शंका असेल त्यांनी पुढचं वाचावं. 4 मे 2022 रोजी राज्याच्या गृहखात्यानं या रजेवरच्या कैद्यांना पंधरा दिवसांत परत यायला सांगितलं. जे आले नाहीत त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम 224 खाली गुन्हे नोंदले गेले. 24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं देशभरात महामारीत सोडलेल्या सगळ्यांना पंधरा दिवसांत हजर व्हायचा आदेश दिला. न्यायाधीन बंद्यांना नियमित जामीन मागायची मोकळीक होती, पण हजर झाल्यावर. त्याच दिवशी हरियाणातल्या एका प्रकरणात न्यायालयानं स्पष्ट केलं, की कोविड पॅरोलवर घालवलेला काळ शिक्षेत धरला जाणार नाही. दोन वर्षं घरी राहिलेल्याची सुटकेची तारीख दोन वर्षं पुढं गेली. याला माफी म्हणणाऱ्यानं त्या घरातल्या बाईसमोर बसून एकदा कॅलेंडर मोजावं.

आणि जेलं रिकामी? राज्यातल्या कारागृहांची क्षमता साधारण 24 हजारांची होती, आत होते 35 हजारांवर. पुण्यातल्या येरवडा कारागृहाची क्षमता अडीच हजारांच्या आत, कैदी पाच हजारांहून जास्त. मे 2020 मध्ये सुमारे 17 हजार कैदी तात्पुरते बाहेर काढायचं ठरलं. जुलैपर्यंत बाहेर पडले दहा हजारांच्या आसपास. नवीन अटका तर चालूच होत्या, आणि त्यांना ठेवायला शाळा-वसतिगृहांत तात्पुरती कारागृहं उघडावी लागली. त्यातलं एक येरवड्यात वसतिगृहाच्या इमारतीत होतं.

जामिनाचा आदेश हातात पडूनही आतच राहिलेल्यांबद्दल कुणी बोलत नाही, याचा मला खरा संताप येतो. आदेश झाला की जामीनदार लागतो. जामीनदाराला सातबारा लागतो, तहसीलमधून ऐपतीचा दाखला लागतो, रेशनकार्ड, आधार, फोटो लागतात, आणि त्याला स्वतः कोर्टात उभं राहावं लागतं. 2020 च्या एप्रिलमध्ये तहसीलात मोजकीच माणसं, एसटी बंद, गावाच्या वेशीवर बांबू आडवे. बारामतीत तर रुग्ण सापडल्यावर ‘भिलवाडा पॅटर्न’ लागू झाला होता, दूधभाजी घरपोच, घराबाहेर पाऊल नाही. हंगाम संपत आलेला ऊसतोड कामगार, किंवा ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही असा मजूर यातून जामीनदार कुठून उभा करणार? या अडचणीची दखल पुढं सर्वोच्च न्यायालयानंच घेतली. 31 जानेवारी 2023 च्या आदेशानुसार जामिनाच्या हुकमाची प्रत कारागृहाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं जायला हवी, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. हे आजही लागू आहे. आपल्या वकिलाला विचारा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘आत होते ते सुरक्षित होते, चार भिंतींत विषाणू कुठून जाणार?’ एप्रिल 2020 मध्ये आर्थर रोड, येरवड्यासह पाच कारागृहं पूर्ण बंद केली, कर्मचारीही आतच मुक्कामाला ठेवले. तरी मेच्या पहिल्या आठवड्यात आर्थर रोडमध्ये 77 कैदी आणि 26 कर्मचारी बाधित निघाले. बराकीत माणसाला माणूस लागून झोपतो, तिथं अंतर ठेवायचं कसं?

‘कैद्यांना लस कशाला, आधी सज्जनांना द्या.’ कारागृहातला संसर्ग शिपायाबरोबर, डॉक्टरबरोबर, सुटणाऱ्याबरोबर बाहेर येतो. शिवाय ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणासाठी केंद्रानं मे 2021 मध्ये कार्यपद्धती काढली, तीत तुरुंगातल्यांचा उल्लेख होता. ज्या दिवसांत बाहेर मास्कची मारामार होती, त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कारागृहांत कैदी मास्क शिवत होते, हेही ध्यानात असू द्या.

‘मुलाखत बंद म्हणजे संबंध तुटला.’ भेटी बंद झाल्या हे खरं, आणि बारामतीहून शंभरेक, इंदापूरहून सव्वाशेच्या वर किलोमीटर गाठून येरवड्याला जाणाऱ्यांना तो मोठाच घाव होता. इटलीत मार्च 2020 मध्ये भेटी थांबवल्यावर तुरुंगांत दंगे पेटले आणि 13 कैदी मेले. भेट ही चैन नसते. पण आपल्याकडं फोन आणि पुढं व्हिडिओ कॉलची सोय झाली. अडचण वेगळीच असते: फोन येतो तो नोंदवलेल्या नंबरवर. घरच्यांनी रिचार्ज संपला म्हणून सिम बदललं, की आतला माणूस जुनाच नंबर लावत राहतो. नंबर बदलला तर आधी कारागृहाला कळवा.

‘पैसे पाठवता येत नव्हते.’ पोस्ट अत्यावश्यक सेवेत होतं, मनीऑर्डर चालू होती. फॉर्मवर नुसतं नाव आणि ‘येरवडा जेल, पुणे’ लिहिलं तर एकाच नावाचे चार निघतात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि कैदी क्रमांक चारही लिहा. त्या पैशावर कॅन्टीनमधून साबण, तेल, बिस्किटं मिळतात, आणि हात धुवायच्या दिवसांत साबणाची वडी किती मोलाची होती ते सांगायला नको.

‘वकील म्हणजे पैशाचं काम.’ विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. बारामती आणि इंदापूर दोन्हीकडं तालुका विधी सेवा समिती आहे, पत्ता न्यायालयाच्या इमारतीत विचारा. कैदी कारागृहातूनही अर्ज देऊ शकतो, आणि राष्ट्रीय मदतक्रमांक 15100 आहे. जाताना पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, केस नंबर असेल तर तो, पुढची तारीख आणि कैदी क्रमांक एका कागदावर लिहून न्या. एवढ्यावर अर्ज त्याच दिवशी लिहून होतो.