तुरीवरील मर रोग
फ्युजेरियम उडम या जमिनीत वास करणाऱ्या कवकामुळे तुरीस होणारा रोग. ई. जे. बटलर यांनी १९१० मध्ये या कवकाचे वर्णन केले. लातूर व नांदेड जिल्ह्यांत तूर हे खरिपातील प्रमुख कडधान्य आहे. रोगट झाड बरे करण्याचा उपाय नसल्याने रोगाचे अचूक निदान तेथे महत्त्वाचे ठरते.

रोग बहुधा फुले व शेंगा येण्याच्या सुमारास दिसतो. पाने पिवळी पडून कोमेजतात व झाड वाळते. त्यामुळे पाण्याच्या ताणाशी त्याची गल्लत होते. जमिनीत ओल असूनही झाडे वाळत असल्यास व खोडावर बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा आढळल्यास खोड उभे चिरून पाहावे. मर रोगात आतील प्रकाष्ठात तपकिरी वा काळ्या रेषा दिसतात. तेथील जलवाहिन्या तुंबल्याने पाणी वर चढत नाही. याउलट व्हायरसजन्य वांझ रोगात झाड हिरवे राहते; परंतु त्यास फुले व शेंगा धरत नाहीत.

हे कवक पिकाच्या अवशेषांवर सु. ३ वर्षे टिकते. म्हणून रोगट झाडे मुळासकट उपटून जाळतात, ज्वारीसारख्या पिकाचा फेरपालट करतात व पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळतात. बदनापूर (जि. जालना) येथील कृषी संशोधन केंद्राचा बीएसएमआर ७३६ हा वाण मर व वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक आहे. वेळीच चिरून पाहिलेल्या खोडावरून पुढील हंगामातील पीक व वाण यांची निवड करता येते.