घटस्फोटानंतर मुलाचा धर्म कोण ठरवतं?

समजा, इल्फर्डमधलं एक घटस्फोटित जोडपं आहे. वडील पुण्याचे, आई वसईची ख्रिस्ती. आठव्या वर्षी नातवाची मुंज व्हायलाच हवी, असं आजोबांनी पुण्यातून सांगून ठेवलंय आणि आईला त्याचा बाप्तिस्मा हवाय. इंग्लंडचा कायदा कोणाचं ऐकेल?

लग्न झालेल्या आई-वडिलांकडे मुलाची कायदेशीर जबाबदारी सारखीच असते आणि घटस्फोटाने ती संपत नाही. त्यामुळे आईने रविवारी चर्चला नेलं, वडिलांनी आपल्या वाट्याच्या दिवशी क्लीव्हलंड रोडच्या मंदिरात आरतीला नेलं, तर सहसा कोणी कोणाला अडवू शकत नाही. एकट्याच्या मर्जीने ठरवता येत नाहीत त्या गोष्टी मोजक्या आहेत : सुंता, आडनाव बदलणं, शाळा बदलणं. बार्किंगसाइडच्या अवंती कोर्ट या हिंदू प्राथमिक शाळेत घालायचं म्हटलं तरी दुसऱ्या पालकाची संमती लागते. पुण्याच्या वकिलाचा सल्ला मात्र इथे चालायचा नाही. भारतातल्या १९५६च्या कायद्यानुसार हिंदू धर्म सोडलेल्या पालकाला मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून वागता येत नाही. इंग्लंडमध्ये अशी अट नाही.

पूर्वी इथलं चित्रही वेगळंच होतं. आपल्याला होमरूल चळवळीमुळे ठाऊक असलेल्या ॲनी बेझंट तेव्हा लंडनमध्ये निरीश्वरवादाचा प्रचार करत होत्या. नवरा पाद्री. १८७८ साली न्यायालयाने त्यांची लहान मुलगी मेबल काढून घेऊन वडिलांकडे सोपवली. आईची मतं आणि संततिनियमनावरच्या पुस्तिकेचं प्रकाशन, दोन्ही तिच्याविरुद्ध गेलं. आज १९८९च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर असतं. कोणता धर्म खरा, यात न्यायाधीश पडतच नाहीत.

मग ते बघतात काय? दोन निकाल शेजारी ठेवले की कळतं. २००४ साली एका मुस्लिम आईने दहा वर्षांची मुलगी आणि साडेआठ वर्षांचा मुलगा यांना इस्लाममध्ये वाढवण्याची आणि मुलाची सुंता करण्याची परवानगी मागितली. वडील जैन होते, आणि मुलंही तोवर त्याच वळणावर वाढली होती. न्या. बॅरन यांनी नकार दिला. सुंता पुसता येत नाही. मुलगा जाणता झाला की स्वतः ठरवील.

२०१२चा निकाल तर इल्फर्डपासून थोड्याच अंतरावरच्या रोमफर्डचा. आई-वडील दोघंही जन्माने ज्यू, पण वडील ख्रिस्ती झाले. दहा वर्षांच्या मुलीला बाप्तिस्मा हवा होता, आईचा विरोध होता. न्या. प्लॅट यांनी परवानगी दिली आणि ती का दिली, हे मुलीला पत्र लिहून समजावलं. माझ्या मते फरक पाडला तो दोन गोष्टींनी : इथे इच्छा मुलीची होती, आणि बाप्तिस्म्याने पुढचं दार बंद होत नाही. मुंजीचंही तेच, केस पुन्हा वाढतात, जानवं काढून ठेवता येतं. पण मुलाला त्यात रस आहे का, हा प्रश्न आजोबांनाही टाळता यायचा नाही.

प्रत्यक्षात सुरुवात मध्यस्थाच्या भेटीने होते. घरगुती हिंसाचारासारखं कारण असेल तरच ती टाळता येते. तिथे जमलं नाही तर सी-१०० हा अर्ज भरायचा. एखादा प्रश्न न्यायालयाने सोडवावा किंवा दुसऱ्या पालकाला एखादी कृती करण्यापासून रोखावं, अशा दोन प्रकारच्या आदेशांची सोय त्यात आहे. इल्फर्डकरांचं कुटुंब न्यायालय कॅनरी व्हार्फला. एलिझाबेथ लाइनने व्हाइटचॅपलला गाडी बदलून जाता येतं.

पहिल्या तारखेआधी कॅफकॅस या सरकारी संस्थेचा अधिकारी दोघांशी फोनवर बोलतो, पोलीस आणि काउन्सिलकडे चौकशी करतो. न्यायालयाने सविस्तर अहवाल मागवला तर तो मुलाला एकट्याला भेटतो. घरून पढवून पाठवलेलं मूल या लोकांना चटकन ओळखू येतं.