दानाची वही सांभाळणारे

रमजानचा पहिला अशरा, म्हणजे पहिले दहा दिवस, सरत आले की मोहल्ल्यात पावती पुस्तकं बाहेर पडतात. जकात, फितरा, सदका, मदरशाचा चंदा, विधवांच्या रेशनचा निधी. गणपतीआधी मंडळाची पोरं वर्गणीसाठी फिरतात तसंच हे. फरक इतकाच की आमच्याकडे मागणारा आणि देणारा दोघेही दिवसभराचे उपाशी असतात, त्यामुळे घासाघीस जरा कमी होते. मी कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून गेली आठ वर्षं मोहल्ल्याच्या निधीची वही माझ्याकडे आहे.

गेल्या रमजानमध्ये या वहीवरून माझ्या हातून एक चूक झाली. आधीच्या पाच वर्षांची नावं मी हौसेनं एक्सेलमध्ये चढवली होती. वहीत जे दिसत नव्हतं ते आता एका बटणावर दिसू लागलं. त्या भरात मी एक यादी काढली: मागच्या वर्षी दिले, या वर्षी अजून दिले नाहीत. सत्तेचाळीस नावं, पुढे गल्ली, पुढे मागच्या वर्षीची रक्कम. ती चार कार्यकर्त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवली. संध्याकाळपर्यंत ती कमिटीच्या ग्रुपवर होती आणि तरावीहची नमाज संपेपर्यंत सगळ्या मोहल्ल्याच्या.

त्या सत्तेचाळिसांत एक वयस्कर शिंपी होते. दुसऱ्या दिवशी असरनंतर ते माझ्याकडे आले, पाचशेची नोट पुढे केली आणि म्हणाले, "प्रोफेसर साब, पावती फाडो. नाम निकालो उसमें से." मी पावती फाडली. आठ दिवसांनी कळलं की त्यांच्या दोन मशिनींपैकी एक हिवाळ्यातच विकली गेली होती आणि ती नोट उसनी होती. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्यानं त्यातले अडीच टक्के काढायचे, ही जकात. हे गृहस्थ त्या वर्षी जकात देणाऱ्यांच्या रांगेत नव्हते, घेणाऱ्यांच्या रांगेत होते. माझ्या यादीला ते दिसलं नाही. यादीला फक्त रिकामा रकाना दिसला.

हे मी ज्या पहिल्या व्यक्तीला सांगितलं ती माझी जुनी विद्यार्थिनी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला असते. तिकडच्या एका सेवाभावी संस्थेत डेटा अॅनालिस्ट आहे, म्हणजे दानाच्या नोंदींचा अर्थ लावणं हीच तिची पगारी नोकरी. १९८४ साली याच शहरात 'इस्लामिक रिलीफ' ही आज जगभर ओळखली जाणारी संस्था सुरू झाली. ती त्या संस्थेत नाही, तिची संस्था लहान आहे. इकडे तरावीह आटोपून मी घरी येतो तेव्हा तिकडे इफ्तारला तास-दीड तास असतो. तेवढ्यात आमचं बोलणं होतं.

माझी कहाणी ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, तुम्ही काढलीत त्या यादीला आमच्या धंद्यात नाव आहे. लायबंट." 'लास्ट इयर, बट अनफॉर्च्युनेटली नॉट धिस' या शब्दांच्या आद्याक्षरांतून हा शब्द झाला. मागच्या वर्षी दिलं, दुर्दैवानं या वर्षी नाही. "ही यादी काढायला आम्ही पहिल्या आठवड्यात शिकतो," ती म्हणाली. "ती कोणाच्या हातात द्यायची नाही, हे शिकायला मात्र वर्ष जातं."

या नोकरीबद्दल आपल्याकडे फारशी माहिती नाही, म्हणून थोडं सांगतो. मोठ्या देणगीदार संस्थांकडे हजारो, काही ठिकाणी लाखो लोकांच्या नोंदी असतात. सगळ्यांना सारखंच पत्र पाठवणं परवडत नाही. मग प्रत्येकाला तीन प्रश्न लावतात: शेवटचं दान कधी दिलं, किती वेळा दिलं, किती दिलं. ही रीत मुळात अमेरिकेतल्या टपालानं माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांची. कॅटलॉग कोणाला पाठवायचा हे ठरवायला त्यांनी ती काढली आणि सेवाभावी संस्थांनी तशीच उचलली. साडी विकायची असो की विहीर खोदायची असो, गणित एकच.

पण रमजान आला की हे गणित गडबडतं, आणि ते ऐकताना माझ्यातला अकाउंट्सचा मास्तर खूष झाला. पहिली गोष्ट पंचांगाची. चांद्र महिने इंग्रजी वर्षाच्या तुलनेत दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. आपल्या हिंदू पंचांगात अधिक मास घालून तो हिशेब जुळवून घेतात, हिजरी पंचांगात तसं नाही. त्यामुळे या मार्चची तुलना मागच्या मार्चशी केली तर दान एकदम वाढलेलं किंवा कोसळलेलं दिसतं, आणि दोन्ही खोटं असतं. २०३० साली तर जानेवारीत एक रमजान आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा सुरू होईल. त्या वर्षीचा अहवाल लिहिणाऱ्याची मला आत्ताच कीव येते. नोंदीत हिजरी तारखेचा वेगळा रकाना हवा, इतका साधा उपाय. नाताळच्या आवाहनावर शिकलेल्या माणसाला तो सुचत नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या दहा रात्रींची. शबे-कद्रची रात्र यांतलीच एक, नेमकी कोणती हे ठाऊक नाही. म्हणून अनेकजण आपलं दान दहा रात्रींत विभागून देतात आणि तिकडे ते ऑनलाइन आपोआप होण्याची सोय आहे. माणूस एक, निर्णय एक, नोंदी दहा. त्या तीन प्रश्नांना वाटतं, वा, हा तर दहा दिवसांत दहादा देणारा, सर्वांत निष्ठावान! मग ईदच्या दुसऱ्या दिवशी त्याला पत्रांवर पत्रं जातात.

नावांचा घोळ तर विचारूच नका. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मोहद. आडनाव आणि पत्ता जुळला की एक कुटुंब, असं इंग्रजी सॉफ्टवेअर समजतं. आमच्यात बापाचं शेवटचं नाव खान, आईचं बेगम, मुलाचं अहमद. एकाच घराला तीन पाकिटं जातात, आणि खाली-वर राहणारे दोन वेगळे खान एक होऊन बसतात. आपल्या तालुक्यात 'संजय पाटील' नावाच्या माणसाला बँकेत काय भोगावं लागतं ते ज्यांना माहीत आहे, त्यांना अधिक सांगायला नको. शिवाय जकात आणि सदका यांचे रकाने कधीच एकत्र होऊ द्यायचे नाहीत. जकातीचा पैसा ठरलेल्या आठ वर्गांसाठीच जातो, इमारतीच्या रंगासाठी नाही.

हे सगळं शिकवतं कोण? मी विचारलं, कारण मला अभ्यासक्रम हवा होता. ती म्हणाली, निम्मं कुणीच नाही. संख्याशास्त्राची पदवी घेऊन माणूस येतो आणि संस्थेत या कामाचा तो एकटाच असतो. वरचा साहेब निधी गोळा करणारा, शेजारी कार्यक्रम घेणारे. आकड्यात काही खटकलं तर विचारणार कोणाला? म्हणून तिकडे या लोकांनी आपली बिरादरी उभी केली आहे. निधी संकलन करणाऱ्यांची ब्रिटनमधली संघटना १९८३ साली स्थापन झाली, २०२० मध्ये तिला राजसनद मिळाली आणि ती 'चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ फंडरेझिंग' झाली. तिच्यात आकड्यांचं काम करणाऱ्यांचा आणि देणगीदारांचा अभ्यास करणाऱ्यांचा असे स्वतंत्र गट आहेत आणि ते स्वयंसेवकच चालवतात. अमेरिकेत याच कामाची 'अॅप्रा' ही संघटना १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली, तिची स्वतःची आचारसंहिता आहे. 'डेटाकाइंड' ही २०११ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली संस्था तर आकडेतज्ज्ञांना सेवाभावी संस्थांबरोबर बसवते, शनिवार-रविवारी एकत्र, फुकट. तिची एक शाखा आपल्या बेंगळुरूतही झाली.

माझ्या विद्यार्थिनीला सर्वांत उपयोग झाला तो चहाच्या वेळेचा. एरवी एकाच देणगीदाराच्या खिशासाठी झगडणाऱ्या संस्थांची माणसं तिथे एकमेकांना आपले फसलेले प्रयोग सांगतात. हिजरी रकान्याची युक्ती तिला अशाच एका बैठकीत दुसऱ्या संस्थेच्या मुलीकडून मिळाली.

या बैठकांत २०१५ सालाचा विषय आजही निघतो. त्या वर्षी मे महिन्यात ब्रिस्टल शहरात ऑलिव्ह कुक या ९२ वर्षांच्या बाईंचा मृत्यू झाला. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतीसाठी कागदी पॉपीची फुलं विकून त्यांनी आयुष्यभर निधी जमवला होता. घरच्यांनी स्पष्ट सांगितलं की मृत्यूचं कारण संस्थांची पत्रं नव्हे. पण चौकशीत निघालेलं चित्र लोकांना अस्वस्थ करणारं होतं: ९९ संस्थांकडे त्यांचं नाव होतं आणि एका वर्षात ४६६ पत्रं. देणारी बाई म्हणून एका यादीतून दुसऱ्या यादीत त्यांचं नाव जात राहिलं. पुढे जुलै २०१६ मध्ये तिकडे निधी संकलनासाठी नवी नियामक संस्था आली आणि पुढच्या वर्षी, ज्याला पत्रं नकोत त्याला ती थांबवता येतील अशी सेवा. डिसेंबर २०१६ मध्ये माहिती आयुक्तांनी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या 'आरएसपीसीए'ला २५ हजार पौंड आणि 'ब्रिटिश हार्ट फाउंडेशन'ला १८ हजार पौंड दंड केला. चार महिन्यांनी आणखी अकरा संस्थांना. अनेक ठिकाणी आरोप असा की देणगीदारांना न सांगता त्यांची सांपत्तिक स्थिती बाहेरच्या कंपन्यांकडून तपासून घेतली. दंड मुद्दाम कमी ठेवला, कारण तो भरला जाणार होता शेवटी देणगीदारांच्याच पैशातून.

ही माणसं वाईट नव्हती. कॅन्सर, अंध, मुलं यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था होत्या. हाताशी आकडे होते, आकड्यांतून पैसा निघत होता आणि पैशातून चांगलं काम. या साखळीत कुठे थांबायचं ते विचारायला कोणी नव्हतं. माझंही तेच झालं, फक्त माझी यादी सत्तेचाळीसच नावांची होती. २०२३ साली आपल्याकडेही डिजिटल वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण कायदा वाचून मला शिंपीचाचांचं घर कळलं नसतं.

जकातीच्या आठ हक्कदारांत गरीब आणि गरजवंतांच्या लगेच नंतर कोण येतं, हे अनेक मुस्लिम बांधवांनाही चटकन आठवत नाही. जकात गोळा करणारे, तिचा हिशेब ठेवणारे: आमिल. त्यांचा मोबदला त्याच निधीतून देता येतो. "हिशेबावर कशाला खर्च, सगळं गरिबांना जाऊ द्या," असं आमच्या कमिटीत दरवर्षी कोणी तरी म्हणतं, आणि गावातल्या इतर ट्रस्टांतही म्हणत असतील. मग वही माझ्यासारख्या फावल्या वेळेच्या माणसाकडे येते आणि तो ती व्हॉट्सअॅपवर टाकतो. ज्या कुराणानं आमिलाचा वाटा ठरवला त्याला हे काम फुकटात आणि अडाणीपणे व्हावं असं वाटत नसावं, असा माझा आपला तर्क.

या वर्षी मी दोन गोष्टी बदलल्या. कार्यकर्त्यांच्या कागदावर आता रक्कम नसते. नाव, गल्ली आणि 'जावं' किंवा 'जाऊ नये', एवढंच. गुप्तदान हा शब्द मराठीत सगळ्यांना कळतो, पण न दिलेलंही गुप्त राहावं लागतं, हे मला उशिरा कळलं. मदत घेणाऱ्यांची वही वेगळी, त्यात नावांऐवजी क्रमांक, आणि ती दोघांपलीकडे कोणी उघडत नाही.

दुसरी गोष्ट अजून कच्ची आहे. मागच्या रविवारी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही पाचजण बसलो. गणेश मंडळाचे खजिनदार, गोशाळेचा हिशेब पाहणारे एक निवृत्त तलाठी, चर्चच्या शाळेतल्या बाई, दुसऱ्या मोहल्ल्याचे आमचे सेक्रेटरी आणि मी. विद्यार्थिनी बर्मिंगहॅमहून स्क्रीनवर होती. खजिनदारांनी विचारलं, मंडपाबाहेर आम्ही वर्गणीदारांचा फलक लावतो, मोठी रक्कम वर, छोटी खाली; त्याचं काय करायचं? तिनं उलट विचारलं, "काका, सर्वांत खालच्या ओळीतल्या माणसाला तुम्ही ओळखता का?" खजिनदार ओळखत होते. त्यावर अर्धा तास वाद झाला. फलक काढला तर मोठी वर्गणी आटेल, असं तलाठी साहेबांचं ठाम मत, आणि ते चुकीचं आहे असं मला सिद्ध करता आलं नाही. बाईंनी सुचवलं, नावं ठेवा, आकडे काढा, अकारविल्हे लावा. खजिनदार म्हणाले, मंडळापुढे ठेवतो. चर्चेत इफ्तारची वेळ झाली आणि खजूर त्यांनीच आणले होते.

शिंपीचाचांच्या नावापुढे मी 'जाऊ नये' लिहिलं होतं. परवा ते स्वतःच आले, घरातल्या पाच माणसांचा फितरा घेऊन. नवी मशीन घेतली का, हे मी विचारलं नाही.

ईदनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही पुन्हा लॅबमध्ये बसणार आहोत. ज्यांच्याकडे कुठल्याही देवळाची, मस्जिदीची, मंडळाची वही आहे त्यांनी जरूर यावं. लॅपटॉप नसला तरी चालेल, वही मात्र आणावी, आणि ती झाकून.