टाळेबंदीतील सण आणि दूरस्थ गप्पा : प्रकाशा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

भाषेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने ज्ञानाची, व्यवहाराची आणि साहित्याची भाषा यांकडे जाते. रोजच्या गप्पा मात्र अभ्यासविषय म्हणून क्वचितच विचारात घेतल्या जातात. मराठी भाषेनेही गप्पांना फारसा मान दिलेला नाही. 'चकाट्या पिटणे', 'गप्पा छाटणे', 'उखाळ्यापाखाळ्या काढणे' या वाक्प्रचारांतून निरर्थक बोलण्याविषयीची नापसंतीच व्यक्त होते. काम सोडून बोलत बसणारा तो रिकामटेकडा, अशी आपली सर्वसाधारण धारणा आहे.

या धारणेचा फेरविचार करण्याचा प्रसंग कोविड-१९ च्या महामारीने आणला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या साथीला महामारी म्हणून घोषित केले. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. मराठी वर्षाचा पहिलाच सण लोकांना उंबरठ्याच्या आत साजरा करावा लागला आणि पुढील सुमारे दीड वर्ष बहुतेक सण कोणत्या ना कोणत्या निर्बंधाखालीच आले. भेटीगाठी थांबल्या, परंतु गप्पा थांबल्या नाहीत. त्या भ्रमणध्वनीवर गेल्या. या हलक्याफुलक्या गप्पांनी त्या काळात नेमके कोणते कार्य केले आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या होत्या, याचे विवेचन नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा परिसराच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :

गप्पांच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांच्या १९२३ मधील निबंधापासून मानला जातो. ट्रोब्रिअँड बेटांवरील आपल्या क्षेत्रकार्याच्या आधारे त्यांनी असे दाखवून दिले की, माणसे पुष्कळदा काही सांगण्यासाठी नव्हे, तर केवळ संबंध जोडण्यासाठी बोलतात. अशा बोलण्याला त्यांनी 'फॅटिक कम्युनियन' असे नाव दिले. मराठीत त्यास 'संपर्कसाधक संभाषण' म्हणता येईल. पुढे रोमन याकोब्सन यांनी १९६० मध्ये भाषेच्या सहा कार्यांची मांडणी करताना संपर्काचा मार्ग खुला ठेवणे हे भाषेचे एक स्वतंत्र कार्य मानले. दूरध्वनीवर 'हॅलो, ऐकू येते ना?' असे विचारणे हे या कार्याचे सोपे उदाहरण होय. रॉबिन डनबार यांनी १९९६ मधील आपल्या ग्रंथात याच्याही पुढे जाऊन, माकडे परस्परांचे अंग साफ करून जे नाते जपतात तेच मनुष्य गप्पांतून जपतो, असे प्रतिपादन केले.

'जेवण झाले का?' हा आपल्याकडील प्रश्न या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विचारणाऱ्यास उत्तराची विशेष जिज्ञासा नसते आणि उत्तर देणाराही पदार्थांची यादी सांगत नाही. अहिराणीतील 'काय चाली ऱ्हायनं?' या विचारपुसीचेही तसेच आहे. तिचा शब्दार्थ गौण असून 'तू माझ्या ध्यानात आहेस' हा तिचा खरा आशय असतो.

प्रकाशा : बोलण्याच्या जागा :

शहादा तालुक्यातील प्रकाशा हे गाव तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर वसले आहे. केदारेश्वर व संगमेश्वर या मंदिरांमुळे ते 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. १९५५ मध्ये बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली येथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे अवशेष सापडले. म्हणजे या नदीकाठी मनुष्यवस्तीची आणि अर्थातच बोलण्याचालण्याची परंपरा फार जुनी आहे. दशक्रिया व अस्थिविसर्जन यांसाठी दूरदूरचे लोक येथे येतात. गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्या सीमा जवळ असल्याने परिसरातील सोयरिकीही राज्यांच्या सीमा ओलांडून जातात. मराठी, अहिराणी, गुजरी आणि भिली या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात.

अशा गावात गप्पांच्या जागा ठरलेल्या असतात : घराचा ओटा, मंदिराचा पार, नदीचा घाट, चहाची टपरी, बसथांबा. केळी-पपईच्या भावापासून राजकारणापर्यंत सर्व विषय तेथे येतात. दशक्रियेसाठी घाटावर आलेली मंडळीदेखील विधी आटोपल्यावर पीकपाण्याची चौकशी करतात. त्यात अनादर नसतो. दुःखातून दैनंदिन जीवनाकडे परतण्याची ती पहिली पायरी असते. टाळेबंदीने या सर्व जागा एकाच वेळी बंद केल्या.

सणांचा क्रम आणि गप्पांचे स्थलांतर :

खानदेशात अक्षय्य तृतीयेस 'आखाजी' म्हणतात. हा सासुरवाशिणींचा सण. वैशाखाच्या उन्हात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस यांचा बेत असतो. पितरांसाठी घागर भरली जाते. पुरुषमंडळींचे पत्त्यांचे डाव रंगतात आणि शेतावरील सालदाराचे नवे वर्षही याच दिवशी सुरू होते. काही गावांत गौराई विसर्जनाच्या वेळी दोन बाजूंच्या स्त्रिया परस्परांना लटक्या शिव्या देतात. म्हणजे थट्टामस्करी ही आखाजीच्या विधीचाच एक भाग आहे. सासरी वर्षभर जपून बोलणाऱ्या स्त्रीस मोकळेपणाने बोलण्याचा तो हक्काचा दिवस असतो.

२०२० मधील आखाजी २६ एप्रिल रोजी आली. त्या वेळी जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमा बंद होत्या. सुरत, निझर वा खेतिया येथे दिलेल्या लेकीस माहेरी येणे अशक्य होते. अंतर थोडे असले तरी मार्ग बंद होता. झोक्याचे छायाचित्र, स्वयंपाकघरातून पाठविलेली ध्वनिफीत, 'तुझ्या वाटणीची पोळी आम्हीच खाल्ली' अशी चिडवाचिडवी, या स्वरूपात सण साजरा करण्यापलीकडे मग फारसे काही उरले नाही. व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये सामूहिक कॉलमधील व्यक्तींची मर्यादा चारवरून आठपर्यंत वाढविली. बहिणी-बहिणींच्या आणि मैत्रिणींच्या बैठकीस ही सोय उपयुक्त ठरली.

त्यानंतर २२ ऑगस्ट २०२० रोजी गणेशचतुर्थी आणि १४ नोव्हेंबर २०२० रोजी लक्ष्मीपूजन आले. दिवाळीत फराळाची ताटे घरोघरी फिरण्याऐवजी ताटांची छायाचित्रे फिरली. बिघडलेल्या चकल्या आणि न फुललेले अनारसे हे विनोदाचे हक्काचे विषय ठरले. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, १६ नोव्हेंबरला होती. राज्यातील प्रार्थनास्थळेही त्याच दिवशी पुन्हा उघडली. परदेशातील भावास भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर ओवाळण्याचा प्रकार पूर्वी अपवादात्मक होता; आता तो शेजारच्या जिल्ह्यातील भावासाठीही स्वीकारावा लागला.

दूरस्थ गप्पांचे स्वरूप :

या गप्पांची तीन वैशिष्ट्ये विशेष नोंदविण्यासारखी आहेत.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे उपस्थितीची नोंद. रोज सकाळी येणारा 'शुभ सकाळ' हा संदेश एरवी उपहासाचा विषय होता. महामारीत मात्र त्याला हजेरीपटाचे स्वरूप आले. संदेश आला म्हणजे पाठविणारा सुखरूप आहे, असा त्याचा अर्थ होऊ लागला. उलटपक्षी, नेहमी विनोद पाठविणारा सदस्य दोन दिवस गप्प राहिला तर त्याची चौकशी करावीशी वाटे. मौन हीच माहिती ठरू लागली. आणि मौनाला अर्थ येण्यासाठी आधी नियमित बोलणे आवश्यक असते.

दुसरे वैशिष्ट्य भाषेचे आहे. अहिराणी, गुजरी, भिली या बोलींत लेखनाचा सराव अनेकांना नसतो. बोलणे अहिराणीत आणि लिहिणे मराठीत, अशी विभागणी सर्वत्र आढळते. ध्वनिसंदेशाने ही अडचण दूर केली. लिहिताना प्रमाण भाषेकडे झुकणारी व्यक्ती बोलताना सहजपणे आपल्या बोलीत थट्टा करू शकते. त्यामुळे घरच्या बोलीला नव्या माध्यमात स्थान मिळाले आणि अक्षरओळख नसलेली आजीही संभाषणात सहभागी होऊ शकली.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे स्वतःचे बोलणे आणि पुढे ढकललेला मजकूर यांतील भेद. अफवांना आळा घालण्यासाठी व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये वारंवार अग्रेषित झालेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन घातले. गप्पांच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. 'आज भाकरी करपली' हे स्वतःचे वाक्य कितीही क्षुल्लक असले तरी त्यात बोलणारी व्यक्ती असते. हजारो हातांतून आलेल्या सुबक सुविचारात ती नसते. नाते टिकविण्याचे काम करपलेली भाकरीच अधिक चांगले करते.

हलकेपणाचे कार्य :

संकटात विनोद कशासाठी, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, हलका विषय उत्तराची सक्ती करीत नाही. गंभीर पत्राला उत्तर न देणे हा अनादर ठरतो; विनोदाला एक हसरे चिन्ह पुरते. त्यामुळे थकलेला, घाबरलेला वा आर्थिक विवंचनेत असलेला मनुष्यही अल्प श्रमात संबंध राखू शकतो. दोन, नित्याच्या गप्पांनी खुला ठेवलेला मार्ग प्रसंगी जड मजकूरही वाहून नेतो.

दुसऱ्या मुद्द्याची प्रचिती एप्रिल व मे २०२१ मध्ये आली. साथीच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध आले. त्या वर्षीची आखाजीही १४ मे रोजी निर्बंधांतच गेली. ज्या गटांतून आदल्या दिवाळीत चकल्यांची थट्टा झाली होती, त्याच गटांतून आता रुग्णालयातील खाट, प्राणवायू आणि रेमडेसिविर यांची विचारणा होऊ लागली. वर्षभर बोलणे नसलेल्या परिचितास मध्यरात्री मदत मागणे संकोचाचे असते. काल ज्याच्याशी थट्टा केली त्यास मागणे तुलनेने सोपे असते. निरर्थक वाटणाऱ्या गप्पांनी जपलेली ही ओळख ऐनवेळी उपयोगी पडली. अंत्यसंस्कारास केवळ वीस जणांची अनुमती असताना, दूरच्या आप्तांना शोक व्यक्त करण्यासाठीही पुष्कळदा हेच गट उरले होते.

मर्यादा :

या माध्यमाचे गुणगान करताना त्याच्या उणिवांकडे दुर्लक्ष करता येत नाही. ओट्यावर बसलेल्यास समोरच्याचा चेहरा दिसतो. कुणाच्या घरी काय घडले आहे हे पाहून बोलणारा आवाज खाली आणतो. पडद्यावर हे भान राहत नाही. श्रद्धांजलीच्या संदेशाखाली लगेच विनोद येऊन पडणे हा अनेकांना खटकलेला प्रकार होता. सुतकाचे दिवस गावाला ठाऊक असतात, गटाला नसतात. दशक्रियेनंतर घाटावर होणारे बोलणे दुःखी माणसाच्या गतीने पुढे सरकते. गटातील बोलणे मात्र कुणासाठी थांबत नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा भागातील अनेक पाड्यांवर नेटवर्क पोहोचत नव्हते. अनेक घरांत एकच भ्रमणध्वनी होता आणि तो पुरुषाच्या हाती होता. म्हणजे ज्या सणात बोलण्याचा हक्क प्रामुख्याने स्त्रियांचा, त्या सणाच्या गप्पांसाठी स्त्रीला इतरांच्या साधनावर अवलंबून राहावे लागले. पती आणि सासू शेजारी असताना माहेरी केलेले संभाषण झोक्यावरच्या गाण्याइतके मोकळे असू शकत नाही. गप्पा पोहोचल्या, परंतु त्यांतील मोकळीक पूर्णपणे पोहोचली असे म्हणता येत नाही.

महाविद्यालयाच्या दृष्टीने :

महाराष्ट्रातील महाविद्यालये मार्च २०२० मध्ये बंद झाली. १५ फेब्रुवारी २०२१ पासून ती अंशतः सुरू झाली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद पडली आणि २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली. या काळात ऑनलाइन तासांतून अभ्यासक्रम पुढे सरकला, परंतु तासाच्या आधीची आणि नंतरची दहा मिनिटे नाहीशी झाली. 'सर, आवाज येतो का?' हे वाक्य त्या तासांची ओळख बनले. याकोब्सन यांनी सांगितलेले संपर्काचे कार्य येथे केवळ तांत्रिक अर्थाने शिल्लक राहिले. आवाज पोहोचला की नाही एवढेच कळत होते, विद्यार्थी कोणत्या अवस्थेत आहे हे कळत नव्हते. व्हरांड्यातील चौकशीतून ते पूर्वी सहज समजत असे. ज्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या गटात सूचनांबरोबरच दिवाळीच्या फराळाची वा शेतातील कामाची विचारपूस केली, त्यांना गैरहजेरीमागील कारणे समजण्याची शक्यता अधिक होती. 'या गटात केवळ शैक्षणिक संदेश पाठवावेत' हा नियम शिस्तीसाठी योग्य असला, तरी त्याची किंमतही लक्षात घेतली पाहिजे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, महामारीतील सणांच्या हलक्याफुलक्या गप्पा हा केवळ वेळ घालविण्याचा प्रकार नव्हता. परस्परांची हजेरी घेणे, बोलीला वाव देणे आणि संकटसमयी मदतीचा मार्ग खुला ठेवणे ही कार्ये त्यांनी पार पाडली. मात्र प्रत्यक्ष भेटीतील दृष्टीचे भान आणि बोलण्याची मोकळीक यांची जागा त्या घेऊ शकल्या नाहीत. आणि ज्यांच्या हाती साधन नव्हते, ते या वर्तुळाबाहेरच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ संबंधीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. ओटे, पार आणि घाट त्यापूर्वीच पुन्हा गजबजले होते. 'जेवण झाले का?' या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते, असे आपण मानत आलो. उत्तर न आल्यास काय होते, हे २०२१ च्या उन्हाळ्याने अनेकांना दाखविले.