बादल्यांचा गजर

पत्र्याची बादली आणि लाकडी दांडकं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका लहानशा कॉलेजचा सामना असला, की प्रेक्षकांत ही जोडी हमखास दिसायची. संघातल्या एका मुलीच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, बादल्या तिथूनच आल्या होत्या. त्या बडवण्यात सगळ्यांत पुढे असायच्या कॉलेज चालवणाऱ्या नन्स. अंगात पायघोळ झगा, डोक्यावर वस्त्र, हातात दांडकं आणि समोर मुलींचा बास्केटबॉल. हा दणदणाट इतका वाढला, की पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या आयोजकांना असल्या गोंगाटाच्या साधनांवर बंदी घालावी लागली.

कॉलेजचं नाव इमॅक्युलाटा. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला १९२०मध्ये स्थापन झालेलं हे मुलींचं कॅथलिक कॉलेज. मोठं मैदान नाही, खेळासाठी शिष्यवृत्त्या नाहीत, क्रीडाविश्वात दबदबा नाही. तरीही १९७२, १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ तीन वर्षं महिलांच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन बास्केटबॉलचं विजेतेपद इथेच राहिलं. या संघाला खेळाचा सर्वोच्च सन्मान, म्हणजे कीर्तिदालनातली जागा, मिळायला मात्र चाळीस वर्षं लागली.

आपल्याकडे जुन्या कॉलेजांत प्राचार्यांच्या खोलीबाहेर लाकडी फलकावर विद्यापीठाच्या संघात निवडलेल्या खेळाडूंची नावं रंगवलेली असतात. अमेरिकन कॉलेजांनी याच कल्पनेचं रीतसर संस्थेत रूपांतर केलं. तिचं नाव ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे कीर्तिदालन. बहुतेक ठिकाणी माजी विद्यार्थी, प्राध्यापक आणि क्रीडा विभागाचे लोक मिळून एक समिती असते. खेळाडूला पदवी घेऊन काही वर्षं व्हावी लागतात, म्हणजे ताज्या विजयाच्या धुंदीत निवड होत नाही. खेळाडूंबरोबर प्रशिक्षकांची नावं येतात, काही ठिकाणी अख्खे संघही येतात. मग एका संध्याकाळी जेवण, भाषणं, फोटो आणि भिंतीवर एक नवी पाटी.

मोठ्या विद्यापीठांत ही पाटी म्हणजे शोभेची भर. तिथल्या खेळाडूंचे विक्रम वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर आणि अधिकृत नोंदवह्यांत आधीच सुरक्षित असतात. लहान कॉलेजचं तसं नसतं. तिथल्या सामन्याला वार्ताहर फिरकत नाही, गुणांचा कागद कुणाच्या तरी टेबलाच्या खणात पडून राहतो. तिथे पाटी हीच नोंदवही असते. मुलींच्या खेळाच्या बाबतीत तर हे दुपटीने खरं, कारण तो खेळ बराच काळ कुणी मोजायच्या लायकीचाही मानला नव्हता.

खरं तर मुलींचा बास्केटबॉल मुलांच्या बास्केटबॉलइतकाच जुना. जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ शोधला. जवळच्याच नॉर्थॅम्प्टन गावात स्मिथ कॉलेज हे मुलींचं कॉलेज होतं. तिथल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेनसन यांनी लगेच तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. १८९३मध्ये तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला, तोही पुरुषांना प्रवेश बंद ठेवून. बेरेनसन यांनी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले आणि खेळाडूने आपला भाग सोडायचा नाही असं ठरवलं. चेंडू हिसकावून घ्यायलाही बंदी केली. मुलींना फार धावपळ झेपणार नाही, ही त्या काळची समजूत या नियमांत मुरलेली होती. पण मुलींना खेळू तरी दिलं, हेही त्या नियमांमुळेच शक्य झालं. बेरेनसन यांना बास्केटबॉलच्या राष्ट्रीय कीर्तिदालनात स्थान मिळालं ते १९८५मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी.

मैदानाच्या वाटण्या सुधारत सुधारत १९७१च्या सुमारास संपल्या आणि मुलीही पाच-पाच जणींच्या संघात संपूर्ण मैदानभर खेळू लागल्या. नेमक्या त्याच सुमारास कॅथी रश इमॅक्युलाटात प्रशिक्षक म्हणून आल्या. वय बावीस-तेवीस, मानधन एका मोसमाचे ४५० डॉलर. त्यांचे पती एड रश व्यावसायिक बास्केटबॉलमधले पंच, त्यामुळे पुरुषांचा वेगवान खेळ त्यांच्या घरच्या बोलण्यातलाच होता. संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला दाबून धरायचं तंत्र त्यांनी मुलींना शिकवलं.

शिकवायला जागा मात्र नव्हती. कॉलेजचं क्रीडागृह १९६७मध्ये आगीत जळालं होतं. सराव व्हायचा तो नन्सच्या आवारातल्या लहानशा जागेत, आणि ‘घरचे’ सामनेही बाहेर कुठेतरी. गणवेश म्हणजे लोकरीचा झग्यासारखा पोशाख, त्याखाली फुगीर चड्डी.

मग जिंकलं कशाच्या जोरावर? उत्तर फिलाडेल्फियाच्या गल्ल्यांत आहे. तिथल्या कॅथलिक वस्त्यांत चर्च आणि शाळांच्या मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धा कित्येक वर्षं चालत आलेल्या होत्या. बाकी देशात मुलींना चेंडू क्वचित मिळायचा, इथल्या मुली मात्र लहानपणापासून चुरशीने खेळलेल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी घराजवळचं आणि कॅथलिक म्हणून इमॅक्युलाटात दाखल झाल्या. संघाचा कणा असलेल्या थेरेसा शँक दुसऱ्याच कॉलेजात जाणार होत्या. पण घराला आग लागली आणि कुटुंबाजवळ राहून शिकता येईल असं कॉलेज निवडणं भाग पडलं. खेळाडूंची निवड अशी झाली होती, त्यात कुठल्याही निवड समितीचा हात नव्हता.

१९७२मध्ये महिलांची पहिली खुली राष्ट्रीय स्पर्धा इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावी ठरली. त्याआधी विभागीय अंतिम सामन्यात इमॅक्युलाटाला शेजारच्याच वेस्ट चेस्टर कॉलेजने ७०-३८ असं लोळवलं होतं. वेस्ट चेस्टर शारीरिक शिक्षणासाठी नावाजलेलं, आणि कॅथी रश यांचं स्वतःचं कॉलेजही तेच. तरी इमॅक्युलाटाला स्पर्धेत प्रवेश मिळाला, सोळा संघांत मानांकन पंधरावं. प्रवासाला पैसे नव्हते. मुलींनी दारोदार टूथब्रश विकले. जमलेल्या पैशांत आठच खेळाडूंची सोय झाली. तिकिटंही ‘जागा रिकामी राहिली तर बसा’ या स्वस्त पद्धतीची. गणवेशाचा एकच जोड, तो हॉटेलच्या बेसिनमध्ये धुऊन रात्रीतून वाळवायचा.

असा एकेक सामना जिंकत त्या अंतिम फेरीत पोचल्या, तर समोर पुन्हा वेस्ट चेस्टर. या वेळी निकाल ५२-४८. बत्तीस गुणांनी हरलेल्या संघाने थोड्याच दिवसांत त्याच प्रतिस्पर्ध्याला चार गुणांनी हरवलं होतं.

पुढच्या मोसमात त्या एकही सामना हरल्या नाहीत. १९७४मध्ये सलग तिसरं विजेतेपद आलं. जानेवारी १९७५मध्ये मेरिलँड विद्यापीठाविरुद्धचा त्यांचा सामना देशभर दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या वाट्याला असं प्रक्षेपण पहिल्यांदाच आलं होतं. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महिलांचा पहिला महाविद्यालयीन बास्केटबॉल सामना झाला. इमॅक्युलाटाने क्वीन्स कॉलेजला ६५-६१ असं हरवलं, तेव्हा प्रेक्षागारात सुमारे १२ हजार लोक होते. पुरुषांच्या मोठ्या खेळाच्या त्या मंदिरात मुलींनी पाय ठेवला तो या दोन संघांमुळे.

पण ज्या बदलाची ही चाहूल होती, त्यानेच इमॅक्युलाटाला मागे टाकलं. पहिल्या विजेतेपदानंतर तीनच महिन्यांनी, जून १९७२मध्ये, अमेरिकेत ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला त्याने मज्जाव केला. त्याचा परिणाम खेळांवरही झाला. मोठी विद्यापीठं हळूहळू मुलींना शिष्यवृत्त्या, चांगली मैदानं, पूर्णवेळ प्रशिक्षक देऊ लागली. टूथब्रश विकून स्पर्धेला जाणाऱ्या कॉलेजला ही शर्यत परवडणारी नव्हती. १९७५ आणि १९७६मध्ये इमॅक्युलाटा अंतिम फेरीत पोचलं, पण दोन्ही वेळा डेल्टा स्टेट विद्यापीठाकडून हरलं. १९७७मध्ये कॅथी रश यांनी प्रशिक्षकपद सोडलं. त्यांचा एकूण हिशेब होता १४९ विजय आणि १५ पराभव.

यानंतरची गोष्ट नोंदवह्यांची आहे. इमॅक्युलाटाने ज्या स्पर्धा जिंकल्या त्या भरवणारी संघटना होती एआयएडब्ल्यू, म्हणजे महिला क्रीडाशिक्षकांनीच उभी केलेली संस्था. पुरुषांचे खेळ सांभाळणाऱ्या बलाढ्य एनसीएएने १९८२मध्ये महिलांची स्वतःची बास्केटबॉल स्पर्धा सुरू केली आणि एआयएडब्ल्यूचा कारभार आटोपला. आजही एनसीएएच्या महिला विजेत्यांची यादी १९८२पासूनच सुरू होते. त्याआधी दहा वर्षं मुली देशाचं विजेतेपद खेळत होत्या, हे त्या यादीवरून कळणार नाही. ज्या संस्थेने विजेतेपद दिलं तीच उरली नाही, तेव्हा ते जपण्याची जबाबदारी कॉलेजावर, माजी विद्यार्थिनींवर आणि कीर्तिदालनांवर आली.

स्प्रिंगफील्डमध्ये नायस्मिथ यांच्या नावाचं राष्ट्रीय कीर्तिदालन आहे. तिथे कॅथी रश यांचा समावेश २००८मध्ये झाला. त्याच वर्षी पॅट्रिक युइंग, हकीम ओलाजुवॉन असे व्यावसायिक बास्केटबॉलमधले धिप्पाड तारे सन्मानित झाले. एका मोसमाचे ४५० डॉलर घेणारी प्रशिक्षक त्यांच्या रांगेत बसली. २०१४मध्ये १९७२ ते १९७४ या काळातला अख्खा संघ दालनात आला. २०२२मध्ये थेरेसा शँक ग्रेंट्झ आणि त्यांची सहकारी मेरिॲन क्रॉफर्ड स्टॅन्ली या दोघींचा एकाच वर्षी सन्मान झाला.

या दोघींचं श्रेय फक्त खेळण्याचं नाही. ग्रेंट्झ यांनी रटगर्स विद्यापीठाला १९८२मध्ये एआयएडब्ल्यूचं शेवटचं विजेतेपद मिळवून दिलं आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या अमेरिकन महिला संघाच्या त्या प्रशिक्षक होत्या. स्टॅन्ली यांनी ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला १९७९, १९८० आणि १९८५ अशी तीन विजेतेपदं दिली. पुढे दुसऱ्या विद्यापीठात असताना त्यांनी समान वेतनासाठी त्या विद्यापीठाविरुद्ध कोर्टात धाव घेतली. खटला त्या हरल्या, पण महिला प्रशिक्षकांच्या पगाराचा प्रश्न चव्हाट्यावर आला. रश यांच्या हाताखालच्या आठ-दहा मुलींमधून देशभरच्या विद्यापीठांना असे प्रशिक्षक मिळाले.

त्याच संघातल्या रेने पोर्टलँड यांची कहाणी मात्र सरळ नाही. पेन स्टेट विद्यापीठात २७ वर्षं त्यांनी यशस्वी संघ घडवले. पण समलिंगी खेळाडूंना आपल्या संघात जागा नाही, असं त्या उघड सांगत. एका खेळाडूच्या तक्रारीनंतर विद्यापीठाने चौकशी करून त्यांना १० हजार डॉलर दंड केला. त्या खेळाडूने भरलेल्या खटल्यात तडजोड झाली आणि २००७मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २०१४मध्ये संघ म्हणून जो सन्मान झाला त्यात त्याही होत्या. एकट्या व्यक्तीची निवड करताना समितीला तिचं सारं आयुष्य तोलावं लागतं. संघाला मान देताना मैदानावरची ती तीन वर्षंच समोर असतात, आणि पाटीवर त्या तीन वर्षांतली सगळी नावं एकत्र येतात.

या संघावर चित्रपटही निघाला. टिम चेंबर्स यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द मायटी मॅक्स’ या चित्रपटात कार्ला गुगिनो यांनी कॅथी रश यांची भूमिका केली. ‘मॅक्स’ हे इमॅक्युलाटा या नावाचंच लाडकं, तुटकं रूप. कॉलेज आता विद्यापीठ झालं आहे आणि २००५पासून तिथे मुलांनाही प्रवेश मिळतो. साहजिकच मुलांचाही बास्केटबॉल संघ उभा राहिला. त्याचं नावही ‘मायटी मॅक्स’च आहे. इतर असंख्य कॉलेजांत मुलांच्या संघाच्या नावाला शेपूट जोडून मुलींच्या संघाचं नाव बनलं. इमॅक्युलाटात मुलींनी गाजवलेलं नाव मुलं अंगावर घालून खेळतात.