जुन्या मोटारीची बैठक

जुनी वस्तु जपून ठेवणें आणि ती चालती ठेवणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पैठणी पेटींत घातली म्हणजे तिचें जतन होतें. मोटार मात्र नुसती झांकून ठेवली कीं गंजते. म्हणून ज्या घरांत वडिलांच्या वेळची गाडी आहे, तेथें ती सणासुदीस बाहेर निघावी, हें योग्यच होय. परंतु गाडी दुरुस्तीस काढली कीं तरुण मंडळींची पहिली मागणी असते ती ही, कीं ती दोन इंच खालीं बसवावी. म्हणजे रुबाबदार दिसेल. वडील मंडळी म्हणतात, आहे ती बैठक मोडूं नये. या वादांत दोन्ही पक्ष दिसण्याविषयींच बोलतात. गाडीच्या खालीं काय घडतें, इकडे फारसें कोणाचें लक्ष नसतें. तें समजून घ्यावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आधार आणि आवर

मोटारीचें वजन तोलून धरते ती स्प्रिंग. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्यास कारागीर ‘शॉकअप’ म्हणतात, तो वजन धरीत नाहीं. तो स्प्रिंगची हालचाल आवरतो. झोपाळ्यास एकदां झोका दिला कीं तो हलतच राहतो. कडीस हात लावला म्हणजे थांबतो. तो हात म्हणजे शॉक. शॉकच्या अंगावरच स्प्रिंग चढवून दोहोंचा एक जोड केला, कीं त्यास कॉइलओव्हर म्हणतात. 1961 सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आलेली इंग्लंडची जग्वार ई-टाइप हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. तिच्या मागील प्रत्येक चाकास असे दोन, मिळून चार जोड आहेत. आज अशा गाड्यांसाठीं अंगावर आटे पाडलेले जोड मिळतात. त्यांची चकती फिरवली कीं गाडी वर किंवा खालीं होते. सोय मोठी खरी. पण घोटाळ्याचें मूळही तीच.

लांबीचें गणित

शॉकच्या तीन लांब्या ध्यानांत घ्याव्या: पूर्ण उघडलेला, पूर्ण मिटलेला, आणि गाडी स्थिर उभी असतां होणारी. समजा, उघडी लांबी 16 इंच व मिटलेली 11 इंच आहे. म्हणजे एकूण चाल 5 इंचांची. रस्त्यावर वापरावयाच्या गाडींत यांपैकीं सुमारें 3 इंच मिटण्यास आणि 2 इंच उघडण्यास राखावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणून स्थिर लांबी 14 इंच. मिटण्याची जागा उंचवट्यासाठीं. उघडण्याची खड्ड्यासाठीं, कारण चाक खड्ड्यांत उतरूं शकलें नाहीं तर टायरची पकड सुटते.

आतां, शॉक थेट चाकावर बसत नाहीं. बहुधा तो चाक धरणाऱ्या भुजेवर, चाकापासून कांहींसा आंत जोडलेला असतो. समजा, चाक 5 इंच हाललें असतां शॉक 3 इंच हलतो. मग वरील 3 इंचांत चाकास 5 इंच वर चढण्यास वाव आहे. नुसती चकती उतरवून गाडी 2 इंच खालीं बसविली, तर शॉक 1.2 इंच मिटेल, उरतील 1.8 इंच, आणि चाकाचा वाव 5 वरून 3 इंचांवर येईल. पांच माणसें बसवून गतिरोधक ओलांडतांना अशी गाडी रबरी ठोकळ्यावर आपटते. मग हादरा थेट सांगाड्यांत आणि मागें बसलेल्या आजीबाईंच्या पाठींत जातो. भर वळणावर असें झालें तर चाक घसरण्याचाही संभव असतो.

यावर उपाय आंखूड शॉकचा. 2 इंच खालच्या बैठकीस स्थिर लांबी 12.8 इंच येते; तेव्हां मिटलेली 9.8 व उघडी 14.8 इंच असावयास पाहिजे. परंतु शॉक आंखूड घेतला म्हणून मडगार्डाखालची जागा वाढत नाहीं. तेथें टायर घासत असेल, तर तेवढें खालीं बसणें त्या गाडीच्या नशिबीं नाहीं, असें समजावें.

स्प्रिंगविषयीं एक गैरसमज रूढ आहे. चकती वर चढवली म्हणजे स्प्रिंग कडक होते, असें अनेकांस वाटतें. साध्या स्प्रिंगच्या बाबतींत तसें होत नाहीं. गाडी केवळ उंच होते. कडकपणा हवा असल्यास स्प्रिंगच बदलावी लागते, आणि तेथेंही भुजेचा हिशेब दोनदां लागतो. वरील गाडींत एक इंच दबण्यास 250 पौंड लागणारी स्प्रिंग चाकापाशीं केवळ 90 पौंडांची भासते.

मापन

मापें दुकानाच्या यादींतून नव्हे, गाडीवरून घ्यावीं. नेहमींच्या मापाचे टायर, योग्य हवा आणि नेहमींचें ओझें असतां गाडी सपाट जागीं उभी करावी. थोडी पुढेंमागें ढकलावी, म्हणजे चाकें आपल्या जागीं बसतात. नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत मोजावें. हवी ती उंची ठरली, कीं गाडी भक्कम घोड्यांवर ठेवून स्प्रिंग काढावी. जॅकनें चाक वरखालीं करून तिन्ही स्थितींत शॉकच्या दोन्ही टोकांच्या मध्यांतील अंतर लिहून ठेवावें. त्याच वेळीं ब्रेकची नळी ताणत नाहीं ना, टायर कोठें लागत नाहीं ना, हें पाहावें. शॉक पूर्ण मिटण्याआधीं रबरी ठोकळा लागलाच पाहिजे. भुजांच्या रबरी बुशांचे बोल्ट चाक लोंबत असतां आवळूं नयेत. बैठकीच्या उंचीवरच आवळावे, नाहींतर रबर कायमचें पिळलेलें राहतें. शेवटीं चाकांची अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत पुन्हां तपासावा.

आपल्याकडील गाड्या

प्रीमियर पद्मिनीस पुढें कॉइल स्प्रिंगा व मागें पाटे असतात. अँबॅसडरलाही मागें पाटेच. पाटे केवळ वजन धरीत नाहींत; मागचा आस जागच्या जागीं धरण्याचें कामही तेच करतात. ते काढून कॉइलओव्हर घालावयाचे म्हणजे आसासाठीं नव्या भुजा आणि सांगाड्यास नवे आधार आले. जुन्या पत्र्यावरचें असें जोडकाम हें जाणत्या अभियंत्याचें काम आहे, हौसेचें नव्हे. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम नोंदणीपत्रांतील तपशील मूळ बनावटीपासून वेगळे होतील असे फेरफार करण्यास मनाई करतें. तेव्हां आधीं परिवहन कार्यालयांत विचारणें श्रेयस्कर.

सारांश, प्रथम गाडीचा उपयोग ठरवावा. मग बैठक, मग मापें, मग शॉक, आणि त्यास साजेशी स्प्रिंग. मापांनीं एक इंच दिला, तर वडिलांनीं तो आनंदानें द्यावा. न दिला, तर तरुणांनीं हट्ट सोडावा. दुकानांत जाण्याचा दिवस मात्र सर्वांत शेवटचा असूं द्यावा.