मुलाच्या स्वाधीनचा वाफा

घरांत लहान मूल असलें म्हणजे अंगणांतील रोपांस धोका, अशी पुष्कळ वडील मंडळींची समजूत असते. वास्तविक मुलास रोपांपासून दूर ठेवण्यापेक्षां त्याच्या स्वाधीन एक लहानसा वाफा करून देणें अधिक शहाणपणाचें होय. मुलगा असो वा मुलगी, सहा-सात वर्षांच्या वयास दोन हात लांब व एक हात रुंद एवढी जागा पुरते. मात्र तेथें दिवसांतून चार-पांच तास ऊन पोंचलें पाहिजे.

आरंभीं मेथी पेरावी. ती तीन-चार दिवसांत उगवते व मुलाचा उत्साह टिकतो. धने हलके रगडून, दुभंगून मग पेरावे. कोथिंबिरीची आठ-दहा दिवस वाट पाहावी लागते. ह्या दोहोंमधील अंतरानेंच मूल धीर धरावयास शिकतें. पुदिना काडीपासून लागतो, पण पसरतो फार. त्यास कुंडींतच ठेवावें. कण्हेर व धोतरा हीं विषारी झाडें वाफ्याजवळ नसावींत. वडिलांस दाखविल्यावांचून कोणतेंहि पान तोंडांत घालावयाचें नाहीं, हा पहिला नियम.

खत घरींच होतें. भाज्यांचे देठ, साली व वाळलेला पाला थरांनीं रचून ओलसर ठेवावा आणि अधूनमधून खालवर करावा. अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ ह्या काळांत इंदूर येथें हीच गोष्ट पद्धतशीर प्रयोगांनीं सिद्ध केली. ती पुढें 'इंदूर पद्धति' म्हणून जगभर गेली.

हिरवळीसाठींहि दूर जावयास नको. गणपतीस आपण वाहतों ती दूर्वा, म्हणजेच हरळी, अनेक देशांत हिरवळीकरितां मुद्दाम लावतात. तिला भरपूर ऊन हवें. दाट सावलींत ती तग धरीत नाहीं. कापलेली पाती तेथेंच पसरूं द्यावी; तिच्यांतील नत्र जमिनीस परत मिळतें. मध्येंच उगवणारें गाजरगवत मात्र फुलण्यापूर्वीं मुळासकट काढावें. १९५५ च्या सुमारास पुण्यास आढळलेलें हें परदेशी तण त्वचेस व श्वासास अपाय करतें. म्हणून हें काम हातमोजे घालून मोठ्यांनींच करावें.

कीड दिसली कीं औषध फवारण्याचा मोह होतो. परंतु ज्या वाफ्यांतील पान उद्यां मुलाच्या ताटांत यावयाचें, तेथें विषास थारा देणें हा अविचार होय. मावा पाण्याच्या धारेनें धुऊन काढावा. कढीलिंबावरील अळ्यांचा प्रश्न निराळा. प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या व पुढें हिरव्या होणाऱ्या ह्या अळ्या कोष करून फुलपाखरें होतात. त्या मारावयाच्या कीं ठेवावयाच्या, असें मूल विचारील. झाड मोठें असेल तर एक फांदी त्यांस सोडावी. रोप कोवळें असेल तर त्या उचलून लिंबाच्या झाडावर ठेवाव्या. निर्णय मात्र मुलास घेऊं द्यावा.

एखादे दिवशीं पाणी घालावयाचें राहून रोपें माना टाकतील. तेव्हां आजीनें अथवा काकूनें गुपचूप पाणी घालूं नये. मुलास हांक मारून दाखवावें. तसेंच स्वयंपाकास कोथिंबीर हवी झाल्यास ती त्याच्याकडे मागून घ्यावी, न विचारतां खुडूं नये. वाफा त्याचा आहे हें घरानें पाळलें, तरच त्याची निगा तें मूल मनापासून राखील.